दोन वाटांचे कोठार

शेतकरी पीक घरी आणतो, पण सगळेच धान्य खायला काढीत नाही. पुढच्या पेरणीचे बियाणे तो निराळे ठेवतो आणि घरात कितीही ओढ लागली तरी त्या कणगीला हात लावीत नाही. संगणकाच्या व्यवहारात अशा राखून ठेवलेल्या बियाण्याला बॅकअप म्हणतात. तुमचा सातबारा, मुलांचे परीक्षेतील गुण, बँकेच्या खात्यावरील बाकी, हे सारे आज संगणकात असते. मूळ नोंद बिघडली तर दुसरी प्रत कोठेतरी शाबूत असावी लागते. ती प्रत सांभाळणाऱ्या संगणकापासून त्याच्या कोठारापर्यंत जी वाट जाते, तिचा इतिहास आज पाहू.

आरंभी ही वाट एकच होती. १९५६ साली अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र पुढे आणले. त्याच्या कोठारात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या. वजन सुमारे एक टन, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे! माहिती वाचणारा हात एकच. तोच वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठी. तो अडला की सगळे कोठार अडले.

पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी त्याच कंपनीने सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तीत तबकड्यांकडून माहितीची ने-आण करण्याचे काम चॅनल नावाच्या निराळ्या यंत्रभागाकडे दिले होते. तबकड्यांवर देखरेख करणारी नियंत्रक पेटी दोन चॅनलना जोडण्याचीही सोय होती. एक चॅनल कामात गुंतला असेल तर दुसऱ्याने जावे. बैलगाडीच्या रस्त्याला जोडरस्ता काढावा तसेच हे झाले.

पण वाट बंद पडली तरी काम थांबता कामा नये, हाच ज्यांचा मूळ हेतू होता, ती माणसे निराळी. कॅलिफोर्नियात १९७४ साली टँडेम ही कंपनी निघाली आणि १९७६ साली तिचा पहिला संगणक एका मोठ्या बँकेत गेला. त्याची रचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक नियंत्रकाला दोन दारे, ती दोन वेगळ्या गणकांना जोडलेली. आणि तबकड्यांच्या जोड्या करून एकीवरचा मजकूर दुसरीवरही लिहिलेला. कोणताही एक भाग निकामी झाला तरी बँकेचा व्यवहार चालू राही.

आता आपण म्हणाल, मग प्रश्न सुटलाच की! तसे झाले नाही. त्याच कंपनीतील जिम ग्रे या संशोधकाने १९८५ साली, इतकी काळजी घेऊनही ही यंत्रे का थांबतात, याचा हिशेब मांडला. सुटे भाग बिघडल्यामुळे थांबण्याचे प्रमाण निघाले फक्त १८ टक्के. आज्ञावलीतील चुका २५ टक्के. आणि सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, निघाला व्यवस्थेचा, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसांच्या कामाचा. वाटा दोन झाल्या, पण त्या राखणारी नजर दोन झाली नाही, असे मी म्हणेन.

१९९४ साली फायबर चॅनल या पद्धतीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. कोठाराची पेटी संगणकापासून दूर ठेवावी, मध्ये स्विच बसवावेत आणि काचतंतूंतून माहिती न्यावी, अशी ही व्यवस्था. लिनक्स ही प्रणाली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली होती. २००५ साली तिच्या गाभ्यात मल्टिपाथ, म्हणजे अनेक वाटा सांभाळण्याची सोय आली. जे पूर्वी मोठ्या बँकांनाच परवडे, ते साध्या संगणकावर चालू लागले.

हे चालते कसे ते पाहा. संगणकात दोन कार्डे आणि कोठाराच्या पेटीला दोन दारे असली, तर वाटा होतात चार. लिनक्सला मात्र वाटते की आपल्याकडे चार निरनिराळ्या तबकड्या आहेत. चार वाटांनी त्याच गावाला गेलेल्या परक्या माणसाने चार गावे मोजावीत तसे! म्हणून मल्टिपाथ प्रत्येकीचा ओळखक्रमांक विचारतो, क्रमांक तोच निघाला की चौघींना एक नाव देतो, आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक वाट चालू आहे ना हे तपासत राहतो.

खरी गोम येथेच आहे. एक वाट तुटली की काम मुकाट्याने दुसरीने चालू राहते. कोणाची तक्रार येत नाही. नोंदवहीत एक ओळ पडते, ती कोणी वाचीत नाही. महिने जातात, आणि एके रात्री उरलेली वाटही तुटते. तेव्हाही बॅकअप ‘फसला’ असे सांगेलच असे नाही. वाट नसेल तेव्हा थांबून राहा, असा नियम घातलेला असला, तर तो नुसता थांबून राहतो. पुरी होत नाही आणि मरतही नाही, अशी त्या कामाची गत होते. यासाठी किती वेळा प्रयत्न करून हार मानावी, याला आकडा घालून द्यावा. हार मानली म्हणजे निदान बोंब तरी होते.

मग दोष शोधावा कसा? प्रथम ‘मल्टिपाथ’ या आज्ञेला ‘एल-एल’ जोडून यादी मागावी आणि वाटा मोजाव्यात. चार हव्यात आणि तीनच दिसल्या, तर बाकी सारे ठीक असले तरी दोष आहे. दोन वाटा ‘फॉल्टी’ दिसल्या, तर त्या दोघींमध्ये सामाईक काय, ते पाहावे. प्रत्येक वाटेपुढे चार आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा कार्डाचा. दोघींचा तो एकच असेल तर बिघाड अलीकडे, कार्डात किंवा त्याच्या तारेत. कार्डे वेगळी पण पेटीचे दार एकच असेल तर बिघाड पलीकडे. वैद्य दुखणे कोठून उठते ते पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक पारख हवी. गावाला दोन रस्ते आहेत, पण दोन्ही एकाच ओढ्यावरच्या फरशीवरून जातात, तर पुराच्या दिवशी ते दोन नव्हेत, एकच. दोन तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या असतील तर यादीत वाटा पुऱ्या दिसतील, स्विच बंद पडेल त्या दिवशी मात्र एकही उरणार नाही. ही गोष्ट यादी सांगत नाही. उठून तारेमागे चालत जावे लागते.

न तपासलेल्या कोठाराची किंमत काय पडते, याचा दाखला फार जुना नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत हातचुकीने मुख्य साठा पुसला गेला. प्रती राखण्याच्या पाच तऱ्हा त्यांनी ठेवल्या होत्या. वेळेला त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही. सुदैवाने दुसऱ्याच कामासाठी काढलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, आणि सहा तासांच्या नोंदींवर निभावले.

तात्पर्य, दुसरी वाट बांधली म्हणजे ती आहे असे समजू नये. तिच्यावरून चालून पाहिले म्हणजे ती आहे. नियोजित दिवशी, प्रत चालू असताना एक तार मुद्दाम काढावी आणि काम पुढे जाते की नाही ते पाहावे. मग ती परत जोडून दुसरी काढावी. शेवटी राखलेल्या प्रतीतून एखादी नोंद परत काढून पाहावी. जाणता शेतकरी पेरणीआधी मूठभर बियाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहतो, ती उगीच नाही. शिक्षकांनी शाळेच्या संगणकाविषयी आणि गावकऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या दप्तराविषयी विचारावयाचा प्रश्न हाच: राखीव प्रत आहे का, एवढ्यावर थांबू नका, ती शेवटची उघडून पाहिली कधी, हे विचारा.