वज्रकीट व त्याचे खवले

गेल्या भाद्रपदांत जुन्या वस्तू विकणारा एक गृहस्थ वैद्यकाच्या पोथ्यांचें बासन घेऊन आमच्याकडे आला. पोथ्या बहुतेक सामान्य होत्या. मधुकोश टीकेसह माधवनिदानाची एक प्रत मात्र बरी दिसली. बासनाच्या तळाशीं तपकिरी रंगाचे पांच-सहा खवले निघाले. ते दोनशें वर्षांपूर्वींच्या एका सरदाराच्या चिलखताचे आहेत, असें सांगून त्यानें त्यांची किंमत पोथ्यांहून अधिक मागितली. खवले खवलेमांजराचे होते, हें उघड होतें. आमच्या संग्राहक मित्रांवरहि असा प्रसंग येण्याचा संभव असल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे तें येथें नमूद करितों.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ सालीं निघाला. त्यांत बिहारांतील खवलेमांजरावर एक टिपण असून त्या प्राण्याचें 'वज्रकीट' हें संस्कृत नांव दिलेलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्य पंचनखांमध्यें श्वाविध् व शल्यक हे दोन निरनिराळे सांगितले आहेत. अमरकोश मात्र श्वाविध् व शल्य यांस एकच, म्हणजे साळ, मानतो. मग मनूचा शल्यक कोणता? शल्य म्हणजे कांटा, शल्क म्हणजे खवला. 'ल्य' व 'ल्क' यांचा घोटाळा लेखकाच्या हातून होणें अशक्य नाहीं. तथापि 'शल्कक' असा पाठ एखाद्या पोथींत प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज हा तर्क आम्ही पुढें रेटीत नाहीं.

चिलखताची गोष्ट सर्वस्वी कल्पित नव्हे. या खवल्यांचा, सोन्यानें नटविलेला एक अंगरखा व शिरस्त्राण लॉर्ड हेस्टिंग्जनें १८२० सालीं तिसऱ्या जॉर्ज बादशहास नजर केलें. पेशवाई बुडाली तेव्हांचा गव्हर्नर जनरल तो हाच. परंतु आमच्यापुढील खवल्यांस ना ओंवण्याचें भोंक, ना सोन्याचा लेश. आणि एकाच्या मुळाशीं वाळलें कातडें चिकटलेलें होतें. तो प्राणी अलीकडेच मारलेला होता.

संकट येतांच हें जनावर अंगाचा गोळा करून पडून राहतें. वाघ-बिबळ्यास तें फोडतां येत नाहीं. माणूस मात्र तसेंच उचलून पोत्यांत घालतो. मादीस बहुधा एका वेळीं एकच पिलूं होतें. खवल्याचें द्रव्य आपल्या नखाचेंच. पण चीन व व्हिएतनाम येथील औषधांसाठीं त्याला मोठी मागणी. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील परिषदेंत आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. तरी एप्रिल २०१९ मध्यें सिंगापुरांत एका आठवड्याच्या आंतच दोन वेळां मिळून पंचवीस टनांवर खवले पकडले गेले. ते नायजेरियाहून व्हिएतनामकडे चालले होते. २०२० सालीं चीननें आपल्या औषधकोशांतील द्रव्यांच्या यादींतून हे खवले गाळले. आपल्याकडे २०१८ ते २०२२ या काळांत ३४२ प्रकरणांत १,२०३ खवलेमांजरें सांपडल्याची नोंद आहे. प्रकरणांच्या संख्येंत ओरिसा पहिला, महाराष्ट्र दुसरा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हा प्राणी असल्यामुळें खवल्यांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते; 'पुराणवस्तू' म्हणून ते विकत घेणारा संग्राहकहि त्यांतून सुटत नाहीं.

खवल्यांची वार्ता आम्ही वनखात्यास कळविली. बासनहि परत केलें. त्यांतील माधवनिदानाची प्रत नीट पाहावयाची राहिली, याची रुखरुख अजून वाटते.