अवरोधाचा इतिहास : ट्रायपॉडचे हेड का अडते आणि ते कसे सोडवावे

१/ व्हिडिओ ट्रायपॉडचे हेड अडू लागले की आपला हात प्रथम तेलाच्या बाटलीकडे जातो. दोन थेंब सोडले की हेड फिरू लागते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात बिघाडाची खरी सुरुवात बहुधा तेथूनच होते. हे असे का, याचे उत्तर या उपकरणाच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा, आणि शेवटी दुरुस्तीचाही.

२/ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. पडद्यावर आगगाडी फलाटाला लागली, प्रवासी उतरले. चित्रातले सारे काही हलत होते, कॅमेरा मात्र तिपाईवर खिळल्यासारखा स्थिर होता. गाडी चौकटीत आली तर दिसणार, चौकटीबाहेर गेली की संपली.

३/ त्याच वर्षी ल्युमिएंचे छायाचित्रकार अलेक्झांद्र प्रोमिओ यांनी व्हेनिसमध्ये चालत्या नावेत कॅमेरा ठेवला आणि कालव्याकाठचा देखावा सरकताना टिपला. पण तेथे फिरली ती नाव. कॅमेरा नावेत स्थिरच होता. उभ्या जागी राहून हलत्या गोष्टीचा पाठलाग करण्याची सोय अजून नव्हती.

४/ ती गरज लंडनमध्ये निकडीची झाली. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मिरवणूक निघणार होती. अशी मिरवणूक एकदाच निघते; ‘पुन्हा घेऊ’ म्हणायची सोय नाही. रॉबर्ट डब्ल्यू. पॉल यांनी त्यासाठी उभ्या अक्षावर फिरणारे हेड बनवले. हातदांडा फिरवला की मळसूत्री दंतचक्र फिरे आणि कॅमेरा सावकाश वळे. पुढच्या वर्षी ते विक्रीलाही आले.

५/ दांडाच का? कारण त्या काळी छायाचित्रकाराचा एक हात आधीच गुंतलेला असे. कॅमेऱ्यातील फिल्म हाताने फिरवावी लागे, साधारण सेकंदाला दोन फेरे. एका हाताने तो ताल सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा वळवायचा. दंतचक्रांमुळे उरलेल्या हाताचे काम सोपे आणि समान गतीचे होई.

६/ पण दंतचक्रांना एक मर्यादा होती. दांड्याच्या अनेक फेऱ्यांनंतर कॅमेरा थोडासा वळतो. मिरवणुकीला ते चालते. अचानक उडालेल्या पक्ष्याला किंवा वळणावरून वेगाने येणाऱ्या गाडीला चालत नाही. तेथे मूठ धरून सरळ हाताने फिरवायचे हेड हवे. अशा साध्या हेडमध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असत आणि त्यांच्या घर्षणावरच सारी भिस्त असे.

७/ आणि घर्षण मोठे हट्टी. फ्रेंच अभियंता कूलाँ यांनी १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्याचा स्वभाव नोंदवून ठेवला आहे. वस्तू सरकत ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा ती जागची हलवायला अधिक बळ लागते. शिवाय काही पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांवर स्थिर राहतील, तितके ते बळ वाढते.

८/ याचा पडद्यावरचा परिणाम प्रत्येक छायाचित्रकाराच्या ओळखीचा आहे. हात जोर देतो, हेड हलत नाही. जोर वाढतो आणि हेड एकदम सुटते. चित्राला हिसका बसतो. मग हात सावरून जोर कमी करतो आणि हेड पुन्हा अडते. अडणे आणि सुटणे, पुन्हा अडणे आणि सुटणे. दोष हाताचा वाटतो, असतो मात्र कोरड्या घर्षणाचा.

९/ यावरचे उत्तर द्रवात होते. न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त द्रवाच्या अंतर्गत अवरोधाबद्दल एक गृहीतक मांडले होते : द्रवाचे थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतील, त्या प्रमाणात अवरोध वाढेल. म्हणजे वेग शून्याजवळ असेल तर अवरोधही शून्याजवळ. सुरुवातीचा हिसका नाही. उलट हाताला अचानक झटका बसला, तर द्रव तो झटकाच अडवून धरतो.

१०/ हे तत्त्व कॅमेऱ्याच्या हेडमध्ये उतरायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी द्रव भरलेले हेड घडवले. याच दशकात, १९४३ साली, अमेरिकेत सिलिकोन बनवण्यासाठी डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. खनिज तेलाचा दाटपणा थंडी-उन्हाने खूप बदलतो, सिलिकोनचा त्या मानाने कमी. पुढे द्रव हेडांना हा गुण फार उपयोगी पडला.

११/ अमेरिकेतील चॅडवेल ओ’कॉनर हे अभियंते वाफेच्या इंजिनांचे वेडे होते. ही इंजिने रुळांवरून नाहीशी होत चालली होती आणि ओ’कॉनर त्यांचे चित्रीकरण करत. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा सफाईने वळावा म्हणून त्यांनी द्रवाने अवरोध देणारे हेड स्वतःसाठी बनवले. १८९६ च्या पडद्यावर गाडी स्थिर कॅमेऱ्याकडे आली होती. आता कॅमेरा गाडीमागे जाऊ लागला.

१२/ आगगाड्यांचे तितकेच वेड असलेल्या वॉल्ट डिस्ने यांनी ते हेड पाहिले आणि आपल्या ‘ट्रू-लाइफ अॅडव्हेंचर्स’ या निसर्गपटमालिकेसाठी मागवले. रानातले प्राणीही मिरवणुकीसारखेच : पुन्हा घेऊ म्हणता येत नाही. या हेडसाठी ओ’कॉनर यांना १९७५ आणि १९९२ या वर्षांचे अकादमी पुरस्कार मिळाले.

१३/ या साऱ्या प्रवासाचे सार एका वाक्यात सांगता येते. चांगले हेड म्हणजे अवरोध नसलेले हेड नव्हे, तर समान अवरोध देणारे हेड. म्हणूनच पातळ तेल घातक ठरते. ते आतल्या दाट ग्रीसमध्ये मिसळते, त्याला पातळ करते आणि हेड हलके होते खरे. पण हाताची थरथर गाळून टाकणारा अवरोधही त्याबरोबर जातो.

१४/ आता दुरुस्ती. आधी तक्रार नेमकी ओळखावी. हेड सर्वत्र सारखेच जड असेल, तर लॉक पूर्ण सैल आहे का आणि ड्रॅगची चकती किती आकड्यावर आहे ते पाहावे. थंड हवेत ग्रीस दाट होते. ऊब मिळाल्यावर पुन्हा तपासावे. वर-खाली करताना कॅमेरा परत उसळत किंवा कोसळत असेल, तर दोष ग्रीसचा नसून तोल सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या जुळणीचा असतो.

१५/ हेड महिनोन्‌महिने पडून असेल आणि फक्त सुरुवातीला अडत असेल, तर बहुधा दाबाखालच्या पृष्ठभागांमधून ग्रीसचा थर बाजूला सरला आहे. ड्रॅग शून्यावर आणावा, सर्व लॉक सोडावेत आणि हेड दोन्ही दिशांना, पूर्ण टोकापर्यंत, सावकाश वीस-पंचवीस वेळा फिरवावे. थर पुन्हा पसरतो. पुष्कळ हेडे एवढ्यानेच बरी होतात.

१६/ तरीही अडत असेल, तर ग्रीस वाळले आहे किंवा आत वाळू वा खारा ओलावा गेला आहे. महागड्या हेडमधील अवरोधाचा भाग बहुधा मोहरबंद असतो; तो घरी उघडू नये, जाणकाराकडे द्यावा. साधे हेड उघडता येते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडावेत आणि ताणलेल्या स्प्रिंगला सावध असावे.

१७/ जुने ग्रीस कोरड्या कापडाने पुसून काढावे, उरलेले आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पेट्रोल आणि थिनर टाळावेत. प्लॅस्टिकचे भाग आणि रबरी कड्या त्यांनी खराब होतात. मग डॅम्पिंग ग्रीस या नावाने मिळणारे दाट ग्रीस पातळ, सलग थरात लावावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस किंवा शिवणयंत्राचे तेल येथे कामाचे नाही. त्यांचा हेतू अवरोध घटवणे हा असतो.

१८/ जोडणी झाली की एक साधी कसोटी घ्यावी. कॅमेरा लावून एका बोटाने अगदी मंद गतीने हेड फिरवावे आणि दूरच्या खांबावर नजर ठेवावी. खांब चौकटीत सरकताना कोठेही थबकला नाही, तर काम साधले.

१९/ वाळलेले ग्रीस द्रव हेडला पुन्हा कोरड्या घर्षणाच्या काळात नेते. ते सोडवणे म्हणजे अवरोध नाहीसा करणे नव्हे, तर त्याला त्याची समानता परत देणे. लग्नातली सप्तपदी असो की किनाऱ्यावरून उडालेला थवा, समोरचा क्षण एकदाच येतो. पॉल यांनी राणीच्या मिरवणुकीसाठी जे योजले, ते याच एका क्षणासाठी. तेव्हा तेलाची बाटली उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे.