फंक्शन इथे, काम तिथे: रिमोट कॉलची गोष्ट

आज लढाया नाहीत, तह नाहीत. आजचा इतिहास आहे कोडमधल्या एका ओळीचा.

मी रोज लिहितो ती ओळ. लायब्ररी घ्यायची, फंक्शन कॉल करायचं, उत्तर आलं की पुढे. वाटतं, फंक्शन आपल्याच मशीनवर आहे. खरं काम चालतं भलत्याच सर्व्हरवर. हा भास कुठून आला?

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमधून. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये रिमोट प्रोसिजर कॉलवर पेपर लिहिला. हेतू सरळ होता: नेटवर्कवरचा कॉल साध्या फंक्शनसारखा वाटावा, पॅकेटची भानगड लायब्ररीने बघावी. पण हमी देताना दोघांनी हात राखून ठेवला. उत्तर आलं, तर काम नक्की एकदाच झालं. एरर आली, तर काम एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल. कुठलं, ते सांगता येत नाही.

हे वाक्य आजही आपल्या मागे लागलंय. टपरीवर स्कॅन केलं, चक्र फिरत राहिलं, ‘पेंडिंग’ आलं. पैसे गेले का? परत पाठवू का? प्रश्न तोच, १९८४ चा.

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी थेट सांगितलं: लोकल आणि रिमोट एकच मानू नका. रिमोटला वेळ जास्त लागतो, आणि अर्धी सिस्टिम बंद पडून अर्धी चालू राहू शकते.

लोकांनी ऐकलं? छे! १९९८ मध्ये एक्सएमएल-आरपीसी आलं, आणि २००० मध्ये सोप १.१. नावात ‘सिम्पल’, पण डीबग करायला बसलात की घाम फुटतो. सोप १.१ चा नियम बघा: एरर असेल तर एचटीटीपी स्टेटस ५००. म्हणजे चुकीचा डेटा आपण पाठवला तरी दिसणार ‘सर्व्हर एरर’! खरा गुन्हेगार आतल्या फॉल्टकोडमध्ये असतो, तिथे ‘क्लायंट’ की ‘सर्व्हर’ ते लिहिलेलं असतं. बॉडी न वाचता समोरच्या टीमला फोन लावला, की भांडण ठरलेलं.

२००४ मध्ये पीएचपी ५ सोबत सोपक्लायंट आला. तिथे डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे सर्व्हिसचा नकाशा, डीफॉल्टने ८६,४०० सेकंद कॅशमध्ये राहते. पूर्ण एक दिवस! सर्व्हिस बदलली, तुमचा कोड मात्र कालचाच नकाशा धरून चाललाय. आणि खरंच काय पाठवलं ते बघायचं, तर ‘ट्रेस’ हा पर्याय आधीच चालू करावा लागतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला. आधी कॅश बंद. मग कच्ची रिक्वेस्ट आणि कच्चा रिस्पॉन्स. मग स्टेटस, आणि बॉडी शेवटपर्यंत. टाइमआउट असेल तर रीट्रायच्या आधी एकच प्रश्न: हे काम दोनदा झालं तर चालेल का? माहिती वाचायची असेल तर बिनधास्त. पैसे पाठवायचे असतील तर प्रत्येक कॉलला स्वतःचा नंबर द्या, म्हणजे सर्व्हर दुसरी प्रत ओळखून बाजूला टाकेल. हा उपायही नवा नाही बरं का. बिरेल-नेल्सनच्या पॅकेटमध्ये असा कॉल आयडेंटिफायर होताच.

लायब्ररी बदलतात, मधली वायर तीच राहते. कॉल अडकला की आधी तिच्यावरून काय गेलं ते बघा. भेटू पुढच्या भागात!