नॉर्डश्लाइफेचे घड्याळ: वेगवान मोटारींच्या तुलनेचा इतिहास

जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल हा डोंगराळ प्रदेश विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उद्योगधंद्यांपासून दूर पडलेला आणि बेरोजगारीने ग्रासलेला मुलूख होता, आणि आज जगभरच्या स्पोर्ट्स कारची योग्यता ज्या एका रस्त्यावर जोखली जाते तो न्यूर्बुर्गरिंगचा मार्ग याच दारिद्र्यावरचा उपाय म्हणून काढलेल्या कामातून उभा राहिला. आडेनाऊ जिल्ह्याचे प्रशासक ओटो क्रॉयत्स यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, गुस्ताव्ह आयखलर यांनी आराखडा केला, १९२५ च्या सप्टेंबरमध्ये पायाभरणी झाली आणि १९२७ च्या जूनमध्ये मार्ग खुला झाला. संपूर्ण मार्गाची लांबी २८.२६५ किलोमीटर होती; त्याचे दोन फाटे होते, २२.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफे, म्हणजे उत्तरेचा वळसा, आणि पावणेआठ किलोमीटरचा दक्षिणेचा वळसा. हा मार्ग केवळ शर्यतींसाठी नव्हता, तर डोंगरी रस्त्यावर मोटारींची परीक्षा घेण्याचे ठिकाण म्हणूनही तो आखला गेला होता, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या दुहेरी उद्देशात आहे.

उद्घाटनाच्या शर्यतीत रुडॉल्फ काराच्चिओला पहिला आणि आडोल्फ रोझेनबर्गर दुसरा आला, आणि दोघांच्याही मर्सिडीज-बेंझ मोटारी फर्डिनंड पोर्शे यांच्या तांत्रिक देखरेखीखाली घडलेल्या होत्या. पुढे १९३१ मध्ये पोर्शे यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा हाच रोझेनबर्गर तिच्या संस्थापकांपैकी एक होता, ही गोष्ट त्या कंपनीच्या इतिहासात फार काळ दुर्लक्षित राहिली. या मार्गाशी पोर्शे या नावाचा संबंध मार्गाइतकाच जुना आहे, एवढे येथे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

मोटारींच्या तुलनेला हाच मार्ग का सोयीचा ठरला, हे समजण्यासाठी वळणावर मोटारीचे काय होते ते पाहावे लागते. वळण घेताना मोटारीला आत खेचणारे बल केवळ टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते, आणि या घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजेच व्यवहारात जिला पकड म्हणतात ती. शंभर मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर, पकड गुरुत्वीय त्वरणाइतकी असेल तर, ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेग शक्य होतो. पकड वीस टक्क्यांनी वाढवली तरी वेग जेमतेम १२३ च्या आसपास पोहोचतो, कारण वेग पकडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. या हिशेबात मोटारीचे वजन कोठेच येत नाही. प्रत्यक्षात मात्र टायरवरील भार जितका वाढतो तितकी पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि म्हणून जड मोटार वळणावर मागे पडते. उलट हवेच्या दाबाने मोटार रस्त्यावर दाबली जाते तेव्हा, म्हणजे ज्याला डाऊनफोर्स म्हणतात तो मिळतो तेव्हा, वजन न वाढता टायरवरचा भार वाढतो. पुढचे टायर आधी पकड सोडतात आणि मोटार वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते तेव्हा त्याला अंडरस्टिअर म्हणतात, आणि मागचे टायर आधी सुटून मोटारीची शेपटी बाहेर फिरते तेव्हा ओव्हरस्टिअर.

सपाट, एकसारख्या मार्गावर यांपैकी एखादाच गुण किंवा दोष उघडा पडतो. नॉर्डश्लाइफेवर ते सगळे एकाच फेरीत उघडे पडतात. तेथे अधिकृत गणनेनुसार ७३ वळणे आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार आहे. फ्लूगप्लात्स येथे उंचवट्यावरून चाकांवरचा भार नाहीसा होतो, तर फुक्सर्‍योरे या उताराच्या तळाशी मोटार इतकी दाबली जाते की स्प्रिंगांची हालचाल संपते. कारुसेल या वळणावर आतल्या बाजूला काँक्रीटचा तिरका पट्टा आहे आणि मोटार त्यात घालूनच वळण घ्यावे लागते. ही युक्ती काराच्चिओलाने रूढ केली असे सांगितले जाते आणि वळणाला त्याचे नावही आहे. शेवटी ड्योटिंगर होहेची दोन किलोमीटरांहून लांब सरळ धाव येते, आणि तेथे कौशल्यापेक्षा अश्वशक्ती बोलते. त्यामुळे फेरीचा वेळ म्हणजे वळणावरील चपळाईचे मोजमाप, ही समजूत अर्धीच खरी आहे.

शर्यतींचा काळ येथे थोडक्यात आटोपता येतो. १९५७ मध्ये फँजिओने माझेराटी अर्ध्या टाकीच्या इंधनावर हलकी ठेवून, मध्ये थांबूनही, फेरारींना गाठले आणि ९ मिनिटे १७.४ सेकंदांची फेरी काढली. १९६८ मध्ये जॅकी स्ट्युअर्ट धुक्यात आणि पावसात चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला, आणि ‘हिरवा नरक’ हे या मार्गाचे नाव त्याचेच. १९७६ मधील निकी लाउडाच्या अपघातानंतर फॉर्म्युला वन नॉर्डश्लाइफेवर परतली नाही, कारण एवढ्या लांबीच्या मार्गावर मदत वेळेत पोहोचवणे अशक्य होते. १९८३ मध्ये श्टेफान बेलोफने पोर्शे ९५६ या शर्यतीच्या मोटारीत ६ मिनिटे ११.१३ सेकंदांची फेरी नोंदवली, आणि पुढच्या वर्षी शेजारीच नवा, आखूड, सुरक्षित मार्ग खुला झाला. जुना मार्ग मोठ्या शर्यतींना मुकला, पण परीक्षेचे ठिकाण हा त्याचा दुसरा उद्देश शिल्लक होता आणि आता तोच पुढे आला.

ही परीक्षा सार्वजनिक करण्याचे श्रेय जर्मन नियतकालिकांना, विशेषतः ‘श्पोर्ट आउटो’ला द्यावे लागते, कारण त्याच्या सविस्तर चाचण्यांमध्ये हॉर्स्ट फॉन झाउर्मा हाच लेखक एकामागून एक वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारी चालवत असे, आणि चालक कायम राहिल्यामुळे आकड्यांना तुलनेचा काही आधार असे. कंपन्यांनी स्वतःचा चालक, स्वतःचे टायर आणि स्वतः निवडलेला दिवस घेऊन आकडे जाहीर करण्यास सुरुवात केली तेव्हा हा आधार सुटला. निस्सानने १९९५ मध्ये स्कायलाइन जीटी-आरची आर-३३ ही पिढी आणताना, ७ मिनिटे ५९ सेकंदांची फेरी आणि जुन्या पिढीहून वाचवलेले २१ सेकंद हाच जाहिरातीचा मुख्य मुद्दा केला. मोटार विकण्यासाठी फेरीचा वेळ वापरण्याची रीत त्यानंतर स्थिरावली.

या रीतीतून उद्भवलेला सर्वांत गाजलेला वाद २००८ चा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तोशिओ सुझुकी याने नव्या निस्सान जीटी-आरमध्ये ७ मिनिटे २९ सेकंदांची फेरी काढल्याचे कंपनीने जाहीर केले. ही मोटार सुमारे १,७४० किलो वजनाची आणि ४८० अश्वशक्तीची होती, तर पोर्शेची ९११ जीटी-२ सुमारे १,४४० किलोची आणि ५३० अश्वशक्तीची. म्हणजे दर टनामागे एकीला सुमारे २७६ आणि दुसरीला ३६८ अश्वशक्ती, शिवाय किमतीतही जीटी-आर कितीतरी स्वस्त. पोर्शेच्या ९११ विभागाचे प्रमुख आउगुस्ट आख्लाइटनर यांनी पत्रकारांना सांगितले की त्यांच्या कंपनीने जीटी-आर विकत घेऊन त्याच मार्गावर चालवली तेव्हा वेळ ७ मिनिटे ५४ सेकंद आला, जीटी-२ला ७ मिनिटे ३४ सेकंद लागले, आणि म्हणून निस्सानची मोटार बाजारात मिळते तशीच असणे संशयास्पद आहे. निस्सानने आरोप नाकारला आणि पुढच्या वर्षी सुधारित मोटारीचा ७ मिनिटे २६.७ सेकंदांचा आकडा पुढे ठेवला.

वादाचा निकाल लागला नाही, तरी त्याचे तांत्रिक मर्म स्पष्ट आहे. मागे इंजिन आणि मागच्याच चाकांना गती असलेल्या ९११ मध्ये वळणातून बाहेर पडताना मागचे टायर भाराखाली उत्तम पकड देतात, पण वळणाच्या मध्यावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला तर भार पुढे सरकून शेपटी सुटते, आणि ही शेपटी सांभाळणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम असते. जीटी-आरमध्ये संगणक क्षणाक्षणाला चारही चाकांमध्ये गती वाटून देतो. त्यामुळे ओलसर, उंचसखल जागीही लवकर गती देता येते आणि जास्तीचे तीनशे किलो काही अंशी भरून निघतात. तथापि हा लाभ घेण्यासाठी त्या यंत्रणेची सवय हवी, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मोटारीत पोर्शेच्या चालकाला ती सवय असण्याचे कारण नव्हते. दोन्ही कंपन्यांचे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, ही शक्यता वादाच्या भरात फारशी कोणी विचारात घेतली नाही.

त्यानंतरच्या दशकात आकडे वेगाने खाली आले. सप्टेंबर २०१३ मध्ये मार्क लीबने पोर्शे ९१८ स्पायडरमध्ये ६ मिनिटे ५७ सेकंदांची फेरी काढली. लॅम्बोर्गिनीच्या हुराकान परफॉर्मान्तेने ती ६ मिनिटे ५२ सेकंदांवर आणली, आणि तिच्याही चित्रफितीवर शंका घेतल्या गेल्या. या मोटारीची खरी नवलाई मागच्या पंखाच्या आत होती: हवेचा झोत पंखाच्या एकाच बाजूला वळवून वळणातल्या आतल्या चाकावर अधिक दाब देण्याची ती योजना, म्हणजे वळताना बाहेर सरकणाऱ्या भाराला हवेनेच उत्तर देण्याचा प्रयत्न. २०१७ मध्ये पोर्शे ९११ जीटी-२ आरएसने ६ मिनिटे ४७.३ सेकंदांची आणि पुढच्या वर्षी लॅम्बोर्गिनी आव्हेंतादोर एसव्हीजेने ६ मिनिटे ४४.९७ सेकंदांची नोंद केली. या मोटारींचे टायर नावाला रस्त्यावरचे असले तरी शर्यतीच्या टायरांचे सख्खे भाऊ होते.

२०१९ मध्ये मार्गाच्या व्यवस्थापनाने नियम आखले तोवर एक साधी विसंगती तशीच राहिली होती. नियतकालिकांच्या काळापासून फेरी प्रवेशद्वाराजवळचा तुकडा वगळून २०.६ किलोमीटरांवर मोजली जात असे, तर मूळच्या २२.८ किलोमीटरांहून आखूड झालेला बंद वळसा २०.८३२ किलोमीटरांचा होता. नव्या नियमांनुसार पूर्ण वळसा मोजणे, मोटारींचे वर्ग ठरवणे आणि नोंद तटस्थ साक्षीत करणे आवश्यक झाले. २०२१ मध्ये पोर्शेने मान्थाय या कंपनीच्या सुधारणा-संचासह जीटी-२ आरएसचे दोन्ही आकडे दिले, ६ मिनिटे ३८.८३५ आणि ६ मिनिटे ४३.३००, म्हणजे त्या २३२ मीटरांची किंमत सुमारे साडेचार सेकंद, जी एसव्हीजे आणि जीटी-२ आरएस यांच्यातील गाजावाजा झालेल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

नियम आले तरी दिवस नियमात बसत नाही. मारो एंगेलने मर्सिडीज-एएमजी वन या मोटारीत ऑक्टोबर २०२२ मध्ये, काही ठिकाणी रस्ता अजून ओलसर असताना, ६ मिनिटे ३५.१८३ सेकंदांची फेरी काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच चालकाने त्याच मोटारीत तोच वळसा ६ मिनिटे २९.०९० सेकंदांत पूर्ण केला.