उद्योगांनी खालापूर निवडले, पोशीर का नाही?

एखादी कंपनी महाराष्ट्रातच कारखाना का उभारते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सरकारी सवलतींच्या यादीत शोधले जाते. रायगड जिल्ह्यातील खालापूर आणि कर्जत या शेजारच्या तालुक्यांचा इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो. खालापुरात खोपोली, पाताळगंगा परिसरात कारखाने उभे राहिले. कर्जत तालुक्यातील नेरळजवळच्या पोशीर परिसराची ओळख मात्र मुख्यतः भातशेतीचीच राहिली.

आधी वीज, मग पाणी

मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा समूहाने घाटमाथ्यावर धरणे बांधली. त्यांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. वीजनिर्मितीनंतरचे हे पाणी पाताळगंगा नदीत येते. त्यामुळे पावसाळ्यानंतर कोरडे पडणाऱ्या कोकणात बारमाही वाहणारी नदी उद्योगांना मिळाली. रसायने, कृत्रिम धागे आणि पोलाद या तिन्ही उद्योगांना अखंड पाणी लागते.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली होतीच. मुंबई-पुणे मार्गही येथूनच जात होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) विकसित भूखंड, रस्ते आणि पाणीपुरवठा एकत्र देण्याची पद्धत रुजविली. रसायनी येथे सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला, तर १९८२ मध्ये पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईची बाजारपेठ आणि बंदर जवळ होते. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग यांनी हे स्थान आणखी बळकट केले.

कर्जतचे पाणी खाली

कर्जत तालुक्यातही टाटांचे भिवपुरी वीज केंद्र १९२२ पासून आहे. मात्र तेथून सुटणारे पाणी उल्हास नदीत जाते. त्याचा औद्योगिक लाभ मुख्यतः नदीच्या खालच्या अंगाच्या अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्याला झाला. कर्जतला रेल्वे असली तरी मुंबई-पुणे महामार्ग तालुक्याच्या बाजूने खालापुरातून गेला. शिवाय २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाल्याने त्या भागात उद्योगांवर निर्बंध आले.

सवलतींची मर्यादा

राज्य सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे उद्योगांना सवलती देते. विकसित भागाला कमी आणि मागास भागाला अधिक, हे तिचे सूत्र आहे. तरीही उद्योगांचा ओढा मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याकडेच राहिला. सवलतीने खर्च कमी होतो. पाणी, रस्ता आणि कुशल कामगार यांची उणीव भरून निघत नाही.

सवलतींना महत्त्व नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तळेगावचे नाव चर्चेत असलेला वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातने मिळविला, तेव्हा राज्याराज्यांतील चढाओढ उघड झाली. परंतु जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून माघार घेतली. घोषणा झाली म्हणजे कारखाना झाला, असे नव्हे.

आलेला कारखाना कायम राहतो, असेही नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिकच्या रसायनी येथील उत्पादन प्रकल्पांना टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला.

पोशीरपुढील प्रश्न

उल्हासची उपनदी असलेल्या पोशीर नदीवरील धरण प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याचा खर्च ६ हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक आहे. मुंबई महानगर प्रदेशातील वाढत्या शहरांची तहान भागविणे, हा त्याचा प्रमुख हेतू आहे. धरणासाठी जमीन येथील शेतकऱ्यांची आणि आदिवासी वाड्यांची जाणार आहे.

खालापुरात पाणी आले आणि त्यामागून रोजगार आला. कर्जतमधून पाणी गेले आणि रोजगार नदीच्या खालच्या अंगाला उभा राहिला. नव्या धरणाच्या पाण्यातील स्थानिकांचा वाटा आणि पुनर्वसनाबरोबर मिळणारे काम आधीच लेखी ठरले नाही, तर भिवपुरीचाच अनुभव पोशीरच्या वाट्याला येण्याची शक्यता आहे.