अनामत रक्कम (घरभाडे)

अनामत रक्कम म्हणजे जागा भाड्याने घेताना भाडेकरूने घरमालकाकडे सुरक्षेपोटी ठेवलेली व जागा सोडताना परत मिळावयाची रक्कम होय. बोलीभाषेत तिला ‘डिपॉझिट’ म्हणतात. पागडीशी तिची गल्लत करू नये. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन मासिक भाडे नाममात्र ठेवण्याचीही रीत आहे. अशा वेळी भाडेकरूची मोठी पुंजी मालकाकडे अडकते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार तसेच लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तथापि रक्कम प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा भाडेकरूजवळ असावाच लागतो. धनादेश वा बँक हस्तांतरणाची नोंद खातेपुस्तकात राहते. रोखीच्या पावतीवर मात्र तारीख, रक्कम, स्वाक्षरी आणि ‘अनामत’ हा शब्द हवा. अन्यथा ते पैसे भाड्यापोटीच होते, असा वाद उद्भवतो.

लिव्ह अँड लायसन्स करारावरील ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारताना अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवतात. म्हणजे १ लाख रुपयांच्या अनामतीमागे वर्षाला अवघे २५ रुपये. एवढ्यासाठी करारात रक्कम कमी लिहिल्यास उरलेल्या रकमेचा लेखी आधारच राहत नाही.