रिकर्शन : फोनवरून भाषेत शिरलेले एक वाक्य (थ्रेड)

१ पासून ४ पर्यंत चढणारी आणि पुन्हा १ वर उतरणारी संख्यामाला छापा. लूप मात्र वापरू नका. रिकर्शन शिकताना असा सराव हमखास करावा लागतो. प्रोसीजर हाती आलेला आकडा छापते, ४ येईपर्यंत पुढचा आकडा देऊन स्वतःलाच बोलावते आणि परतल्यावर आपला आकडा पुन्हा छापते. पडद्यावर उमटते : १ २ ३ ४ ४ ३ २ १. आज हे चार-पाच ओळींचे काम आहे. १९५८ च्या फोर्ट्रानमध्ये मात्र ते निषिद्ध होते.

तेथे प्रोसीजरचा आकडा आणि काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता, या दोहोंना मेमरीत एकेकच ठरलेली जागा असे. आपला सराव अशा यंत्रावर चालवून पाहा. चढण सुखरूप पार पडते. पण प्रत्येक नव्या बोलावण्याने मागचा आकडा पुसला जातो, आणि मुख्य प्रोग्रॅमकडे नेणारा पत्ताही. उरतो तो प्रोसीजरच्याच पोटातला पत्ता. मग कुणी थांबवेपर्यंत यंत्र ४ ४ ४ ४ असेच छापत राहणार!

जानेवारी १९६० मध्ये अल्गोल ही नवी भाषा ठरवण्यासाठी तेरा जण पॅरिसमध्ये जमले. रिकर्शनसाठी भाषेत खास शब्द असावा, ही सूचना तेथे मतदानात फेटाळली गेली. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांची लिस्प रिकर्शनवरच उभी राहत होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

फेब्रुवारीत अहवालाचे संपादक पीटर नाउर यांना कोपनहेगनमध्ये आम्स्टरडॅमहून फोन आला. बोलत होते आड्रियान फान वाइनगार्डन, एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्याही वतीने. त्यांची मागणी एका वाक्याची होती : प्रोसीजरच्या आत तिचेच नाव आले, तर ते तिला बोलावणे समजावे. अपवाद एकच, मूल्य देताना डाव्या बाजूला आलेल्या नावाचा. त्यातले धाडस आणि साधेपणा नाउर यांना भावला. वाक्य अहवालात गेले.

जर्मन सदस्य फ्रीड्रिख बाउअर यांनी पुढे याला ‘आम्स्टरडॅमचा कट’ म्हटले. शब्द जरा जड आहे. पण मतदानात नाकारलेली गोष्ट एका फोनने आत यावी, हा त्यांचा सल अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. गंमत अशी, की गणिती पदावल्या सोडवण्यासाठी चळत, म्हणजेच स्टॅक, वापरण्याच्या युक्तीचे पेटंट क्लाउस झामेलझोन यांच्यासह १९५७ मध्ये मागणारे बाउअर हेच!

डाइक्स्ट्रा यांनी चळत प्रोसीजरसाठी वापरली. प्रत्येक बोलावण्याला तिच्यावर नवा थर, आणि त्या थरात स्वतंत्र आकडा व स्वतंत्र पत्ता. काम संपले की वरचा थर निघतो आणि खालचा आकडा जसाच्या तसा हाती येतो. आपल्या मालेतली ४ ३ २ १ ही उतरण म्हणजे हेच थर एकेक करून निघणे. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांचा आणि याप झोनेवेल्ड यांचा कंपायलर इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रावर चालू लागला.

फोर्ट्रानच्या प्रमाणित रूपात ही मुभा यायला फोर्ट्रान ९० उजाडावे लागले.